केळीच्या खोडातला धागा

तापी खान्देशातल्या केळीबागा मागे टाकून सुरतेला येते. तिच्याच वाटेने आलेल्या मराठी माणसांनी उधना-लिंबायतच्या मागांवर या शहराचं कापड विणलं. त्यातलं बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचं, म्हणजे मुळात खनिज तेलाचं.

या धाग्याला एक पर्याय त्याच केळीबागांत आहे. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड उतरला की ते तोडून शेताबाहेर काढायचं, आणि त्याची मजुरीही शेतकऱ्यानेच सोसायची. सुरतेशेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने याच खोडाचं सोनं करून दाखवलं. यंत्राने धागा काढला, रसापासून ‘नोवेल’ हे द्रवरूप सेंद्रिय खत बनवलं, चोथ्याचं गांडूळखत केलं आणि गाभ्याची कँडी केली. यासाठी ना वेगळी जमीन लागते, ना वेगळं पाणी. इंधनासाठी लावलेल्या पिकांपुढे उभा राहणारा ‘अन्न की इंधन’ हा पेच इथे नाहीच.

अडचण आहे ती वाहतुकीची. खोडात बहुतांश पाणीच असल्याने ते दूर नेणं परवडत नाही. म्हणून यंत्रच बांधापर्यंत गेलं पाहिजे आणि सुरतेच्या कापडबाजाराने धाग्याला खात्रीचा भाव दिला पाहिजे. संशोधन झालं आहे. आता खरेदीदार हवा. या लेखाचा आग्रह तोच आहे.