स्कूलबसमधली दादागिरी : स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हातात, शिस्त कुणाच्या हातात?

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर सकाळी सात-सव्वासातला पिवळ्या गाड्या दिसू लागतात. शिनोळी महाराष्ट्रात, बाची कर्नाटकात. पण शाळेला निघालेल्या पोरांना मधली रेषा दिसत नाही. तुरमुरी, सुळगा, हिंडलगा करत गाडी शहरात शिरेपर्यंत ती भरलेली असते. पुढच्या सीटवर पहिली-दुसरीची मुलं पेंगत असतात, मागच्या बाकावर नववी-दहावीचा गट. मधल्या सीटवर कुणाचा तरी डबा उघडला जातो, कुणाची टोपी खिडकीबाहेर जाते, कुणाच्या आडनावावरून, रंगावरून किंवा बोलण्यावरून टवाळी सुरू होते. कधी कधी हात उचलला जातो.

हे सगळं गाडीतला एकच मोठा माणूस पाहत असतो, तोही आरशातून. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरवर. मुलं त्याला ‘मामा’ म्हणतात. पण मामाने ओरडायचं की नाही, ओरडलं तर किती, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

सीमाभागातल्या कुठल्याही दोन-चार स्कूलबस ड्रायव्हरांशी चहाच्या टपरीवर बोललं, की तक्रार एकच ऐकू येते : “बोललो तर आईबाप भांडायला येतात, नाही बोललो तर शाळा विचारते.” या तक्रारीत दम आहे. पण यात ड्रायव्हरपेक्षाही मोठं नुकसान त्या पोराचं होतं, जे रोज अर्धा-पाऊण तास मार खात किंवा टोमणे ऐकत बसतं.

नियम आहेत, पण ते गाडीचे

भारतात स्कूलबसचे नियम एका मोठ्या दुर्घटनेनंतर आले. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलांचा जीव गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. गाडीवर ‘स्कूल बस’ असं लिहिलेलं असावं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, खिडक्यांना आडव्या पट्ट्या असाव्यात, प्रथमोपचार पेटी आणि आग विझवण्याचं यंत्र असावं, चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. पुढे महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूलबससाठी वेगळे नियम केले, कर्नाटकानेही २०१२ मध्ये शाळकरी मुलांच्या वाहनांसाठी आपले नियम आणले.

हे नियम वाचले, की एक गोष्ट लक्षात येते. त्यांचा भर गाडी उलटू नये, जळू नये, मूल खिडकीतून पडू नये, ड्रायव्हर दारू पिऊन बसू नये, यावर आहे. ड्रायव्हर हा या नियमांच्या लेखी मुख्यतः धोका आहे, ज्याच्यावर लक्ष ठेवायचं. गाडीच्या आत एका मुलापासून दुसऱ्या मुलाला असलेला धोका मात्र आरटीओच्या तपासणीत येत नाही. पट्ट्या मोजता येतात, मागच्या बाकावरची दहशत मोजता येत नाही.

तरीही १९९७ च्या त्याच निर्देशांत एक ओळ आहे, जी आज सगळ्यात जास्त विसरली गेली आहे : मुलांकडे बघण्यासाठी गाडीत एक योग्य मदतनीस असला पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांत मुलींची ने-आण असेल तर महिला मदतनीस सांगितली आहे. म्हणजे गाडी चालवणारा वेगळा आणि मुलं सांभाळणारा वेगळा, हे कायद्याने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे. आज अनेक गाड्यांत हीच जागा रिकामी असते, किंवा तिथे ड्रायव्हरच्या ओळखीचा एखादा पोरगा दार उघडण्यापुरता उभा असतो.

ड्रायव्हरपुढचे चार रस्ते

मदतनीस नसेल तर ड्रायव्हरकडे काय उरतं? पहिला रस्ता, पोराला एक ठेवून देणं. ‘आमच्या वेळी मास्तर छडी मारायचे’ असं म्हणणारे पालकही आपल्या पोराला कुणी हात लावला तर सकाळी गाडी अडवतात, आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ तर मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर तुरुंगवासाची तरतूद करतं. शिक्षकाला जे करता येत नाही, ते ड्रायव्हरला कुठून करता येणार?

दुसरा रस्ता, त्रास देणाऱ्याला वाटेत उतरवणं. रागाच्या भरात हे होतं. पण ताब्यातलं मूल हमरस्त्यावर सोडणं हा टवाळीपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा ठरू शकतो. तिसरा, घरी फोन करणं. मग एका घरातून ‘आमचा पोरगा तसा नाही’ आणि दुसऱ्या घरातून ‘तुम्ही काय झोपला होता?’ चौथा रस्ता सोपा : आरसा थोडा वर करायचा आणि गाणी लावायची. बहुतेक गाड्यांत शेवटी हाच निवडला जातो.

याला भीतीचीही किनार आहे. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा हरियाणा पोलिसांनी आधी स्कूलबसच्या कंडक्टरला पकडलं. सीबीआयच्या तपासात तो निर्दोष निघाला आणि संशय त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्यावर गेला. तोवर त्या कंडक्टरचं जे व्हायचं ते झालं होतं. दुसरीकडे, २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेतल्याच कर्मचाऱ्यावर चिमुकल्या मुलींच्या अत्याचाराचा आरोप झाला, त्यामुळे पालकांची धास्तीही खोटी म्हणता येत नाही. या दोन्हीच्या मध्ये ड्रायव्हर सापडतो आणि मुलांपासून शक्य तितकं लांब राहणंच त्याला शहाणपणाचं वाटतं.

सीमाभागात त्यात भाषेची भर पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात बसच्या कंडक्टरशी झालेल्या वादाला मराठी-कन्नड वळण लागलं आणि बघता बघता दोन राज्यांमधली बससेवा काही काळ बंद पडली. ते पाहिलेला ड्रायव्हर दुसऱ्या भाषेच्या घरातल्या पोराला दरडावताना दहा वेळा विचार करतो. आणि मुलांना हे बरोबर कळतं. कुणाला ओरडलं तर मामाची अडचण होते, हे दहावीच्या पोराला पाठ असतं.

जबाबदारीचा चेंडू

गाडी पुष्कळदा शाळेची नसते, कंत्राटदाराची असते. ड्रायव्हर कंत्राटदाराचा नोकर. पालक शाळेत तक्रार करतात. शाळा म्हणते, गाडीचं तुम्ही कंत्राटदाराशी बोला. कंत्राटदाराच्या दृष्टीने प्रत्येक मूल म्हणजे महिन्याचं भाडं, मग ते त्रास देणारं असो की सोसणारं. त्रास देणाऱ्याला गाडीतून काढलं तर भाडं जातं. ड्रायव्हर बदलला तर काही जात नाही. म्हणून ड्रायव्हर बदलतो.

त्यात पालक चंदगड तालुक्यातला आणि शाळा बेळगावची असेल, तर तक्रार घेऊन जायचं कुठे? गाव महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याखाली, शाळा कर्नाटकाच्या. सरळ उत्तर असं, की शाळा जिथे आहे तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. त्याआधी मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन पोच घ्यावी. मूल घाबरलेलं असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

महाराष्ट्राच्या नियमांत शालेय परिवहन समिती आहे. मुख्याध्यापक, पालक, पोलीस, आरटीओ, कंत्राटदाराचा प्रतिनिधी असे सगळे तिच्यात येतात. रोज गाडी चालवणाऱ्याला मात्र त्या टेबलावर हक्काची खुर्ची नाही. खरं तर गाडीत काय चाललंय याची सगळ्यात पक्की माहिती त्याच्याकडेच असते. कुठलं मूल आठवड्याभरापासून मागे बसायला कचरतं, कोण रोज “मामा, मी पुढे बसू?” असं विचारतं, कुणाचा डबा शाळेत पोचण्याआधीच रिकामा होतो, कोण सकाळी गाडी आली की घरात लपतं, हे वर्गशिक्षकाला कळायच्या आधी ड्रायव्हरला कळतं. शाळा त्याला कधी विचारत नाही.

हिशेब करून बघू

मदतनीस ठेवणं परवडत नाही, हे नेहमीचं उत्तर. उदाहरणादाखल हिशेब मांडू. मदतनीस ताईला महिन्याला ९,००० रुपये धरले आणि गाडीत ४५ मुलं असली, तर प्रत्येकी २०० रुपये होतात. महिन्याचे शाळेचे २२ दिवस धरले तर दिवसाला साधारण ९ रुपये. पगार १२,००० धरला तरी महिन्याला २६७ रुपये. वेफर्सच्या पाकिटाएवढ्या पैशात गाडीत दुसरा मोठा माणूस येतो. गरीब पालकांना हेही जड जाऊ शकतं, पण परवडत नाही म्हणणाऱ्या शाळांनी हा आकडा पालकसभेत एकदा मांडून तरी पाहावा.

शेजारच्या गोव्यात बालरथ योजनेत अनुदानित शाळांच्या बससाठी सरकार पैसे देतं आणि त्यात ड्रायव्हरबरोबर अटेंडंटही धरलेला आहे. तिथे ड्रायव्हर-अटेंडंटना तुटपुंज्या पगारासाठी वारंवार आंदोलन करावं लागलं, हेही खरं. म्हणजे नुसती जागा निर्माण करून भागत नाही, ती टिकेल असा पगार लागतो. पण दोन माणसांची गरज तिथे सरकारने मान्य तरी केली.

बाकीच्या गोष्टींना पैसाही लागत नाही. प्रत्येक मुलाची सीट ठरलेली असावी, लहान मुलं दाराजवळ, त्रास देणारा गट फोडून बसवलेला. गाडीत एक वही असावी. काय घडलं ते त्याच दिवशी लिहायचं आणि वही रोज शाळेत दाखवायची. पहिल्या वेळी मुलाशी बोलणं, दुसऱ्या वेळी पालकांना बोलावणं, तिसऱ्या वेळी काही दिवस पालकांनीच मुलाची ने-आण करणं, हे वर्षाच्या सुरुवातीला लेखी देऊन पालकांची सही घ्यावी. हा निर्णय मुख्याध्यापकांच्या नावाने जावा, ड्रायव्हरच्या नव्हे. त्रास देणाऱ्या पोराशीही कुणीतरी शांतपणे बोलायला हवं. घरी मार खाणारं पोर गाडीत दुसऱ्याला मारतं, हे जुन्या शिक्षकांना चांगलं माहीत आहे.

ड्रायव्हरकडून अपेक्षा एवढीच ठेवावी : हात उचलायचा नाही, मूल वाटेत उतरवायचं नाही, मारामारी झाली तर गाडी सुरक्षित जागी थांबवायची आणि त्याच दिवशी शाळेला सांगायचं. सांगितल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही, ही हमी शाळेने द्यायची.

शाळेची जबाबदारी फाटकापाशी सुरू होते, असं अजून अनेक संस्थाचालक धरून चालतात. पण वाहनाची फी जर शाळेच्या नावाने जमा होत असेल, तर शाळा मूल गाडीत चढलं तिथेच, शिनोळीच्या थांब्यावरच सुरू होते. येत्या पालकसभेत फीवाढीवर बोलून झालं, की एक प्रश्न जरूर विचारावा : आमच्या मुलांच्या गाडीत मदतनीस आहे का, आणि नसेल तर कधीपासून येणार?