औषध फुकट, उपचार मात्र दूर

इंग्लंडमध्ये मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला सरकारी आरोग्यसेवेकडून, म्हणजे एनएचएसकडून, औषधे मोफत मिळतात. डॉक्टरची फीही नसते. तरीही तिथल्या दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना टाइप-२ मधुमेह गोऱ्यांच्या तुलनेत दोन ते चार पट अधिक होतो, तोही बऱ्याचदा तरुण वयात. लंडनच्या साउथॉल आणि ब्रेंट भागांत १९८८पासून सुरू झालेल्या दीर्घ पाहणीत ऐंशीव्या वर्षापर्यंत या समाजातल्या जवळपास निम्म्या लोकांना मधुमेह झालेला आढळला. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या सुमारे अर्धे होते. याचे खापर सहसा तूप, मिठाई आणि व्यायामाच्या कंटाळ्यावर फुटते. सवयींचा वाटा आहेच, तो कोण नाकारेल? पण रोग होणे वेगळे आणि झालेला रोग नीट सांभाळला न जाणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीत रुग्णापेक्षा सेवेच्या घडणीचा दोष मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

सेवेची घडण बदला म्हटले की ‘सगळ्यांना एकच नियम, हीच खरी समानता, वेगळी वागणूक कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. पण तो एकच नियम मुळात कोणाच्या शरीरावरून ठरला? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, मात्र अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांचा धोका सारखा नसतो, हे त्या एका फोटोने दाखवले. पुढे २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ऐवजी २३वर आणि जास्त धोक्याची ३०ऐवजी २७.५वर धरायला सांगितले. याला कोणी सवलत म्हणू नये. मोजमापातली चूक तेवढी दुरुस्त झाली.

मोजमाप सुधारले तरी दवाखान्याची खोली तशीच राहू शकते. लेस्टर शहरात २०२१च्या जनगणनेनुसार ४३ टक्क्यांहून अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत. तिथल्या एखाद्या गुजराती आजीबाई डॉक्टरपुढे बसतात तेव्हा दुभाष्याचे काम अनेकदा नातवावर येते. साखर वाढल्यामुळे वारंवार होणारा लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, खाज, रात्री चारदा उठावे लागणे हे त्या नातवाच्या तोंडून कसे सांगतील? ‘बरं आहे’ म्हणून मोकळ्या होतात. हातात पडलेल्या आहाराच्या कागदावर पास्ता आणि ब्रेडचे प्रमाण दिलेले असेल, तर रोटली किती आणि खिचडी किती, हे विचारायला वेळ उरत नाही. इन्सुलिन लपवून घेणाऱ्या बायकाही आहेत. घरात मधुमेह आहे हे कळले तर मुलीचे लग्न अडेल, ही भीती त्यामागे असते. हा समाजाचा स्वतःचा दोष, आणि त्यावर समाजातल्याच जाणत्यांनी बोलायला हवे. पण निदान डॉक्टरपुढे तरी अशा बाईला मोकळेपणी बोलता यावे, एवढी सोय सेवेने करायलाच हवी.

‘इतकी वर्षे राहूनही इंग्रजी का शिकल्या नाहीत?’ असेही विचारले जाते. घरी किंवा कारखान्यात राबून उमेदीची वर्षे घालवलेल्या बाईला साठीनंतर हा प्रश्न विचारणे निर्दयपणाचे आहे. शिवाय भाषा येईपर्यंत मूत्रपिंडाचे नुकसान थांबत नाही. खर्चाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण प्रशिक्षित दुभाषी आणि लांबवलेली भेट यांना पैसा लागतो. मात्र एनएचएसचा मधुमेहावर मोठा खर्च होतो आणि त्यातला मोठा भाग गुंतागुंतींवर जातो. डायलिसिसची पाळी आल्यावर होणाऱ्या खर्चापुढे दुभाष्याचा तास काहीच नाही. मधुमेहाचे ठरावीक निकष पाळल्याबद्दल तिथल्या दवाखान्यांना पैसे मिळतात. हे निकष सरसकट सरासरीने न पाहता प्रत्येक समाजगटासाठी वेगळे तपासावेत आणि मोबदल्याचा काही भाग त्यावर ठरवावा. आज सरासरीआड मागे राहिलेला गट झाकला जातो आणि दवाखान्याचे पैसे तरीही पूर्ण मिळू शकतात.