गॅरेजमधली खोली

सासूबाईंचे गुडघे गेले, जिना चढवेना. यजमान म्हणाले, "मागचं गॅरेज रिकामंच आहे. शटर काढू, भिंत घालू, झाली खोली!" मिस्त्रीही तयार. मी म्हटलं, आधी नगरपालिकेत विचारून येते. घरात सगळे हसले.

पण गेले ते बरं झालं. गाडीची जागा चटईक्षेत्रात धरत नाहीत, राहायची खोली धरतात. शिवाय १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे नुसता वापर बदलायलाही परवानगी लागते. न घेता केलं, तर पाडायची नोटीस येऊ शकते.

"आपल्याच जागेत आपल्याच आईला ठेवायला परवानगी?" यजमान वैतागले. क्षणभर मलाही पटलं. मग राष्ट्रीय इमारत संहितेतलं माप पाहिलं. एकच खोली असेल तर निदान ९.५ चौरस मीटर, उंची २.७५ मीटर, शिवाय उजेड-वाऱ्याला खिडकी. आमच्या गॅरेजला पत्रा, खिडकी नाही. मे महिन्यात मी तिथे लोणच्याची बरणीसुद्धा ठेवत नाही!

मैत्रिणींनो, कामानिमित्त घरोघरी जाते, तेव्हा मागच्या पत्र्याच्या खोलीत 'सोय केलेल्या' म्हाताऱ्या भेटतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. हा नियम जाचक वाटतो खरा, पण मला तरी तो त्या म्हातारीच्या बाजूचा वाटतो.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मला बाई स्वयंपाकघरातला आवाज यायला हवा." मग बैठकीची खोलीच त्यांना दिली. सोफा आणि टीव्ही वर गेले. पाहुणे आता जिना चढतात.