‘जाहिरात’ हा शब्द किती फिका करायचा?

मी सर्चची पानं बनवतो. एका शॉपिंग अ‍ॅपवर (नाव सांगत नाही, पगाराचा प्रश्न आहे) निकालांमधल्या ‘जाहिरात’ या शब्दाचा रंग मीच बदलला होता. गडद करड्याचा फिका करडा, कोडमधली एक ओळ. दोन आठवडे अर्ध्या लोकांना जुना रंग दाखवला, अर्ध्यांना नवा. फिक्या रंगात जाहिरातींवरचे क्लिक वाढले. टीमने केक कापला.

म्हणून ‘लोकांनी नीट बघून क्लिक करावं ना’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. लोक नीटच बघतात. त्यांना दिसू नये याचा आम्हाला पगार मिळतो.

गूगलचंच घ्या. एके काळी निकालांच्या वरच्या जाहिरातींमागे रंगीत पट्टा असायचा. 2013 च्या सुमारास तो गेला, पिवळी चिठ्ठी उरली. 2016 मध्ये ती हिरवी झाली, म्हणजे निकालाखालच्या पत्त्याचा जो रंग तोच! 2017 मध्ये नुसती चौकट. जानेवारी 2020 मध्ये डेस्कटॉपवर काळ्या अक्षरांत ‘अ‍ॅड’, आणि खऱ्या निकालांपुढे अगदी त्याच जागी साइटचं इवलंसं चिन्ह. गदारोळ झाला, तेव्हा काही दिवसांत चिन्हांपुरती माघार घेतली. 2022 मध्ये मोबाईलवर ‘स्पॉन्सर्ड’ अशी ठळक, वेगळी ओळ आली, ते बरं झालं. पट्टा मात्र परत आला नाही.

पान स्वच्छ दिसावं म्हणून हे करतात म्हणे. 2009 मध्ये गूगल सोडताना डग्लस बोमन या डिझायनरने लिहिलं होतं, की दोन निळ्यांत निवड होईना म्हणून तिथल्या एका टीमने 41 छटा तपासल्या. निळ्याच्या 41 छटांमधला फरक मोजणाऱ्यांना पट्टा काढल्यावर काय होईल हे कळलं नसेल? जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच, हे तर पेज आणि ब्रिन यांनीच 1998 च्या शोधनिबंधात लिहून ठेवलंय.

जाहिरातीला पूर्ण पट्टा द्या. माझ्या आईच्या फोनवर, भर उन्हात, ब्राइटनेस अर्धा असताना दिसेल असा. आम्ही डिझाइन तपासतो ते एसीत बसून, महागड्या मॉनिटरवर.

माझी ती ओळ पुन्हा गडद करावी म्हणून मी तिकीट टाकलं. ‘क्लिक कमी होतील,’ एवढंच उत्तर आलं. तिकीट अजून उघडं आहे.