फिकी म्हणजे फालतू नव्हे



‘क्राफ्ट बिअरची चव कळलेला माणूस बाजारातल्या फिक्या बिअरला हात लावणार नाही,’ असं गेल्या अंकातल्या पत्रात ठणकावलं आहे. मी लावतो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून क्राफ्टचा भक्त असूनही! मे महिन्यातली दुपार, घामेजलेली बाटली, खारे शेंगदाणे आणि वर कांदा-लिंबू. तिथे आयपीएसारख्या क्राफ्ट बिअरचा कडूपणा हवाय कुणाला? शिवाय तांदूळ किंवा मका घालून केलेली हलकी लागर बनवणं सोपं नाही. आंबवण्यात चूक झाली तर डायअसिटिलचा लोण्यासारखा वास लगेच नाकात शिरतो. झाकायला हॉप्सच्या कडवट फुलांचं पांघरूण नसतं. पत्रलेखकांनी डोळे बांधून दोन्ही चाखाव्यात. बिल माझ्याकडे.

– एक वाचक, पुणे