गाडीत बसण्यापूर्वी तीन चिठ्ठ्या

दिवाळीची सुटी लागली की आमच्या धानोऱ्यातील घरोघरी प्रवासाचे बेत शिजू लागतात. नागपूर-पुण्याकडील पाहुणेही याच दिवसांत येतात. गाडी ठरते, चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे भरले जातात आणि पहाटे पहाटे कुटुंब निघते. मार्कंड्याला वैनगंगेकाठच्या देवळांचे दर्शन, पुढे आष्टी, आलापल्लीचे साग, कोणी तेथून वळून हेमलकशाला आणि भामरागडच्या संगमावर, तर कोणी सरळ सिरोंचामार्गे काळेश्वरला. प्रवास देखणा आहे, यात वाद नाही. प्रत्येक मुलाने आपला जिल्हा असा एकदा तरी पाहावा, असेच मला वाटते.

निघण्यापूर्वी दोन-चार मंडळी माझ्याकडे दवाखान्यात डोकावतात. ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, वाटेत वाघाचं भय नाही ना?" आणि ठरलेली मागणी असते, "उलटीच्या गोळ्या लिहून द्या." वाघाचे भय खोटे नाही. सरपणाला, मोहफुले वेचायला जंगलात जाणाऱ्या माणसाला ते खरेच आहे. पण गाडीत बसलेल्या कुटुंबाला माझ्या अनुभवात वाघाने कधी गाठले नाही. त्यांना गाठले ते फुटलेल्या टायरने, चुकलेल्या जेवणाने, झोपाळलेल्या चालकाने आणि डासाने.

वाचकहो, हे पुस्तकी ज्ञान नव्हे. एकदा ही चूक मी स्वतः केली आहे.

२००६ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची नऊ माणसे भाड्याच्या जीपने काळेश्वरला निघालो होतो. तेव्हा गोदावरीवर पूल नव्हता, सिरोंच्याहून नावेने पलीकडे जावे लागे. आईला मधुमेह होता. पहाटे तिने नेहमीप्रमाणे ग्लायबेनक्लामाइडची गोळी घेतली. मी ती घेताना पाहिली आणि समाधान मानले. मात्र आईने मनाशी ठरवले होते की दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही. चामोर्शीला आम्ही सर्वांनी नाश्ता केला, ती गाडीतच बसून राहिली. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

आलापल्ली मागे पडल्यावर दाट जंगलात टायर फुटला. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. चालक टायर घेऊन मिळेल त्या वाहनाने मागे गेला. मोबाइलचा तेव्हा त्या जंगलात काही उपयोग नव्हता. दोन तास गेले, तीन गेले. मग आमच्या सौ. म्हणाल्या, "आई काहीतरी विचित्र बोलताहेत." पाहतो तो आईला दरदरून घाम आलेला, हात थरथरणारे, आणि मला ती माझ्या मामाच्या नावाने हाक मारीत होती. रक्तातील साखर एकदम उतरली होती. मी डॉक्टर, पण औषधांची पेटी घरी! फराळाचा डबा तेवढा होता, पण कोरडा घास तिला चावता येईना.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर तीन-चार घरे होती. तेथील एका म्हातारीची तेलुगू आम्हाला कळेना, आमची मराठी तिला कळेना. पण माणसाचा चेहरा वाचायला भाषा लागत नाही. तिने चुलीवर कोरा चहा टाकला आणि घरात होती नव्हती ती साखर त्यात ओतली. आई गिळू शकत होती, म्हणून घोट घोट करून पाजला. वीस मिनिटांनी आई शुद्धीवर येऊन म्हणाली, "अरे, दर्शन व्हायचंय ना!" त्या दिवशी देवाचे दर्शन त्या झोपडीतच झाले, असे मी आजही मानतो.

या प्रसंगातून मी एक हिशेब शिकलो. जंगलातील वाट किलोमीटरमध्ये मोजायची नसते, ती दवाखान्यापर्यंतच्या तासांत मोजायची असते. धानोरा ते गडचिरोली हे ३५-४० किलोमीटर अंतर आपण सहज काटतो. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि त्यातील आलापल्लीच्या पुढचे सुमारे शंभर किलोमीटर पावसाळ्यानंतर किती तास घेतील, हे रस्त्याच्या अवस्थेवर ठरते. भामरागडच्या वाटेवर तर पर्लकोटा नदीचा जुना ठेंगणा पूल पुरात बुडाला की पलीकडचा गाव तुटत असे. नकाशावरची रेघ असल्या गोष्टी सांगत नाही.

दूरच्या ओसाड प्रदेशात हा हिशेब रक्तात भिनलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी शेकडो किलोमीटर वस्ती लागत नाही. तेथे जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीतून १९२८ साली विमानाने डॉक्टर पोहोचवण्याची सेवा सुरू झाली, ती आजही चालू आहे. पण विमान येईपर्यंतची तयारी प्रवाशानेच करायची, हा तेथला शिरस्ता आहे. निघण्यापूर्वी कोणाला तरी मार्ग सांगून जायचे, पाणी भरपूर न्यायचे, आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून भटकायचे नाही. आपल्याकडे २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण तिला बोलावायला फोनला रेंज लागते. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची आपली सवय जंगलात महागात पडते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना आता मी उलटीच्या गोळ्यांबरोबर तीन चिठ्ठ्या लिहायला लावतो.

पहिली चिठ्ठी घरी ठेवायची. कोणत्या वाटेने जाणार, मुक्काम कोठे, किती वाजता पोहोचणार, आणि अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे. याच चिठ्ठीची एक प्रत गाडीत असावी आणि तिच्यावर वाटेतील दवाखाने लिहावेत. चामोर्शी आणि आष्टीची ग्रामीण रुग्णालये, आलापल्लीशेजारी अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय, पुढे जिमलगट्ट्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, सिरोंच्याचे ग्रामीण रुग्णालय. हेमलकशाकडे वळलात तर १९७३ पासून सुरू असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. कोठेही उभे राहिलात तरी पुढचा दवाखाना जवळ की मागचा, हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

दुसरी चिठ्ठी माणसागणिक. कोणाला कोणता आजार, कोणते औषध, केव्हा, कशाची अॅलर्जी. औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत आणि ती डिक्कीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे. मधुमेह्याने प्रवासात उपास करू नये. करायचाच असेल तर औषधाचे काय, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी गरज वाटल्यास पुन्हा द्यावी आणि मग जेवू घालावे. काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि गाडी हाकावी.

मुलांना जुलाब लागले तर जलसंजीवनीचे पाकीट सोबत हवे. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. लघवीला झाडीत उतरताना पायात बूट आणि अंधारात हातात बॅटरी असावी. साप चावलाच तर घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे, मांत्रिक शोधणे यातले काहीही नको. चावलेला अवयव हलू न देता थेट रुग्णालय, कारण प्रतिविष तेथेच मिळते. आणि चालकाला दर दोन तासांनी विश्रांती द्या. रात्रीचा प्रवास टाळा. "लवकर पोहोचू" या हट्टापायी मी अनेक घरे रडताना पाहिली आहेत.

तिसरी चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची, कारण ती कोणीच लिहीत नाही. ती परतल्यावर भिंतीवरील कॅलेंडरला टाचायची: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही गडचिरोलीच्या जंगलात होतो."

राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत आपल्या जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप येथे नवा नाही. त्याचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. म्हणून मुक्कामी मच्छरदाणी आणि अंगभर कपडे हवेत. पण डास आज चावला तर ताप उद्या येत नाही. बहुधा नऊ ते चौदा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा. तोवर पाहुणे आपल्या गावी पोहोचलेले असतात.

पुण्याचे माझे एक आप्त असेच सहकुटुंब येऊन गेले. बाराव्या दिवशी त्यांच्या मुलाला ताप भरला. तेथील डॉक्टरांनी व्हायरल समजून औषध दिले. त्यांना दोष कसा द्यावा? जंगलातून आल्याचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चौथ्या दिवशी मुलगा बरळू लागला, तेव्हा मला फोन आला. मी एकच वाक्य बोललो, "आत्ताच्या आत्ता रक्त तपासा." मुलगा वाचला, पण आठवडाभर रुग्णालयात काढून. निरोप देताना यजमान म्हणून मी ते वाक्य बोललो असतो, तर ही वेळ आली नसती. म्हणून परतल्यावर महिनाभरात ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगावी. घरात पडलेल्या क्लोरोक्वीनच्या गोळ्यांवर फॅल्सिपॅरम भागत नाही. अहवाल पाहूनच औषध ठरते आणि ते पूर्ण घ्यावे लागते.

शेवटी थोडे स्पष्ट बोलतो. दवाखान्यापासूनचे जे अंतर आपण सुटीत एक दिवस अनुभवतो आणि घाबरतो, ते अंतर त्या म्हातारीच्या वाट्याला वर्षाचे बाराही महिने आहे. तिच्या घरच्या बाळंतिणीला स्टेपनीही नसते. वाटेवर पुढील रुग्णालय किती अंतरावर आहे हे सांगणारे ठळक फलक सरकारने लावावेत, रस्ते वेळेवर दुरुस्त करावेत, ही मागणी आपण सहलीचे पर्यटक म्हणून नव्हे, या जिल्ह्याचे नागरिक म्हणून केली पाहिजे. आणि तोवर एवढे करा. गाडी ठासून भरू नका, एक जागा मोकळी राहू द्या. वाटेत कोणी रुग्णाला घेऊन हात दाखवला तर गाडी थांबवा. कोणास ठाऊक, आपल्या आईला साखर देणारे घर त्याचेच असेल.