माझा हुकमाचा एक्का

ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी 'सुनील की सचिन?' असं विचारलं की लंच तासभर लांबतो. मी लहानपणापासून गावस्कर पार्टीचा. बाबांकडून आलेला वारसा! समोरच्याने सचिनच्या १५,९२१ धावा आणि ५१ शतकं टेबलावर आपटली, की मी शांतपणे आपला एक्का टाकतो: वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतकं, सरासरी ६५.४५. रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल, आणि ह्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही! समोरचा गप्प.

गेल्या शनिवारी ती १३ शतकं एकेक करून तपासायला बसलो आणि माझाच चेहरा पडला.

४ शतकं १९७१ ची. तेव्हा ह्या चौघांपैकी एकही जण कसोटी खेळलेला नव्हता. आणखी ४ शतकं १९७८-७९ ची. रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर पॅकरकडे गेलेले आणि मार्शल अगदी नवखा. म्हणजे १३ पैकी ८ वेळा ती चौकडी समोर नव्हतीच! उरली ५. १९७६ ची दोन पोर्ट ऑफ स्पेनला, त्यातलं एक ४०३ धावांच्या पाठलागात. १९८३ ची तीन, त्यात मद्रासचे नाबाद २३६, तेही शून्यावर दोन बाद असताना येऊन. ही पाच मात्र शंभर नंबरी सोनं.

मग इतकी वर्षं मी काय करत होतो? दोन वेगळ्या मशीनवरचे आकडे शेजारी ठेवून 'माझा कोड फास्ट' म्हणत होतो. सचिनवाले तरी दुसरं काय करतात? २०० कसोटींची बेरीज १२५ कसोटींच्या डोक्यावर मारतात. षटकामागे बाउन्सरवर मर्यादा १९९१ मध्ये आली, सुनील १९८७ मध्येच थांबला होता, हे कोण लक्षात घेतो?

तुलना करायचीच तर त्याच मैदानावर, त्याच बोलिंगसमोर खेळलेल्यांशी करा ना राव! १९७१ च्या त्या मालिकेत गावस्करच्या ४ कसोटींत ७७४ धावा. आणि दिलीप सरदेसाईच्या ५ कसोटींत ६४२! गावस्कर पुढेच आहे, वादच नाही. पण हा मडगावचा माणूस त्याच मालिकेत केवढा खेळला, हे आमच्या सुनील-सचिनच्या गदारोळात कुणाला आठवतं का? मलाही परवापर्यंत आठवत नव्हतं.

असो. सोमवारी कँटीनमध्ये १३ नाही, ५ म्हणणार आहे. बाबांना कसं सांगायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.